शेंदराखालचं लोखंड

मी कुवेतला पोटासाठी गेलो. पण तिथल्या बारा-तेरा वर्षांत माझा सगळ्यांत जास्त जीव खाल्ला तो नोकरीनं नाही. तो खाल्ला इंग्रजांच्या काळातल्या एका घोडदळाच्या रिसाल्यानं. तो रिसाला मी जन्मायच्या कितीतरी आधी मोडला होता आणि दुसऱ्या एका रिसाल्यात मिसळून गेला होता. त्यात माझे पणजोबा होते आणि त्यांना शोधून काढायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं, कारण आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यात. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या वेळचा एक पांढरा दगड बसवलेला आहे. या गावातून पहिल्या महायुद्धाला एकोणीस माणसं गेली, त्यांतली तीन परत आली नाहीत, एवढंच त्यावर इंग्रजीत कोरलंय. मी सातवीत असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला त्या दगडासमोर उभं करून तो मजकूर वाचून घेतला. आबा आमच्या हायस्कुलात शिपाई होते. घंटा वाजवणं, वर्ग झाडणं, मास्तरांची टपालं पोचवणं ही त्यांची कामं. मी वाचून अर्थ सांगितला, तर म्हणाले, "नावं कुटं हायत?"

"नावं नाहीत, आबा."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. नव्हतीच. पण त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मीच ती गाळली होती.

दरवर्षी खंडेनवमीला आमच्या माळ्यावरनं लाल फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू खाली यायची. वर्षानुवर्षांच्या शेंदराची पुटं तिच्यावर चढलेली. हातभर लांब, एका टोकाला रुंद, दुसरीकडे वाकलेली. ती पणजोबांची तुटलेली तलवार. ती वाकली कशी, तर शत्रूच्या लोखंडी टोपावर वार केला म्हणून. आबा हे असं सांगत, की त्या टोपाचा आवाज मला ऐकू यायचा. आम्ही शिलेदार, हे वाक्य त्याला जोडूनच यायचं. स्वतःचा घोडा घेऊन जो चाकरीला जातो तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हा फरक मला पाढ्यांच्या आधी माहीत होता. घरी तेव्हा शेळीसुद्धा नव्हती. पण ते वाक्य होतं, आणि आबा हेडमास्तरांसमोर हात बांधून उभे राहायचे तेव्हा ते वाक्य त्यांच्या पाठीच्या कण्यात असायचं, असं मला आता वाटतं.

मी बी.एस्सी. केलं, मग प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा. फॉर्म भरायला मास्तरांनी मदत केली, शहरात राहायला एका मास्तरांच्या भावानं खोली दिली. या माणसांचे उपकार मी विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा, रिग्गईतल्या एका खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. राहायला अब्बासियात, एका खोलीत चौघं.

काही वर्षांनी गावात ठरलं, की नावांचा नवा दगड बसवायचा. कमिटी नेमली गेली. अध्यक्ष एक निवृत्त सुभेदार. ज्या घराकडे पदक, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद असेल त्या घरचं नाव घ्यायचं, असा नियम झाला. सतरा नावं जमली. जुना दगड एकोणीस म्हणत होता. उरलेल्या जागांवर दोनच घरांनी हक्क सांगितला. एक आमचं. दुसरं वेशीजवळच्या तात्यांचं. तात्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच दिवशी, एकाच रिसाल्याबरोबर गेले होते, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. माझे पणजोबा परत आले. तात्यांचे आजोबा बसऱ्याच्या पलीकडे कुठेतरी वारले, आणि त्यांच्यामागून घरी काहीच आलं नाही. ते घोड्यांची निगा राखायला मोतद्दार म्हणून गेले होते, एवढं तात्या सांगायचे आणि तिथंच अडकायचे. कारण सुभेदारांनी भर बैठकीत म्हटलं होतं, "बाजारबुणग्यांची नावं दगडावर घालत न्हाईत, तात्या. लढनाऱ्यांची घालत्यात."

आबा तिथंच बसले होते. त्यांनी सांगून टाकलं, की माझा मुलगा कुवेतला आहे, बसरा त्याच्या शेजारी आहे, तो पुरावा आणील.

दर शुक्रवारी मी कार्ड घेऊन फोन करायचो, तेव्हा आबा गावच्या फोनच्या दुकानात येऊन बसलेले असायचे. बसरा किती लांब, असं त्यांनी विचारलं. दोन-अडीच तासांचा रस्ता असेल, मी म्हणालो. "मग एका सुट्टीचं काम हाय की." मी सांगितलं की ती हद्द बंद आहे, तारा आहेत, खंदक आहे, सुरुंग आहेत, आणि पलीकडे जाऊन विचारणार कोणाला. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारायचे, की गेला होतास का. मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या गावाहून तालुक्याला जाणारा रस्ता होता, आणि मी आळशीपणानं सायकल काढत नव्हतो.

मी पत्रं लिहिली. रिसाल्याचं नाव आमच्याकडे तोंडी चालत आलेलं होतं, ते घालून दिल्लीला लिहिलं, इंग्लंडला लिहिलं. दिल्लीहून उत्तर आलं नाही. इंग्लंडहून आलं ते इतकं सभ्य होतं, की राग कुणावर काढावा कळेना. अधिकाऱ्यांच्या नोंदी आहेत, स्वारांच्या नाहीत, आपल्या शोधास शुभेच्छा. मी तो कागद घडी करून डबलरोटीच्या डब्यात ठेवला. माझ्या खोलीतला सोबती सिंधुदुर्गाकडचा सुतार होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आपली पटाशी, रंधा, करवत, सगळी हत्यारं त्यानं गावाहून आणली होती आणि कंपनीची हत्यारं तो हातात धरत नसे. तो डबा उघडून म्हणाला, "पणजो गावलो नाय तो नाय, पाव खंय गेलो रे?"

दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस एक इंग्रज डॉक्टर यायचे. पॅथॉलॉजिस्ट. निवृत्तीला आलेले, एकटे. माझं इंग्लंडहून आलेलं पाकीट बघून त्यांनी चौकशी केली आणि मी हकिगत सांगताच त्यांचा चेहरा उजळला. हिंदुस्थानच्या घोडदळावरची जुनी पुस्तकं गोळा करणं हा त्यांचा छंद होता. या रिसाल्याचाही इतिहास त्यांच्याकडे होता, त्यातल्याच एका साहेबानं लिहिलेला. मात्र पुस्तकं शहरातल्या फ्लॅटमध्ये नव्हती. दक्षिणेला खैरानला, समुद्राकाठी, त्यांनी दोघा-तिघांत मिळून एक शॅले, म्हणजे सुट्टीत राहायचं घर, घेतलं होतं, तिथं होती. पुस्तक बाहेर नेता येणार नाही, पानं सुटतात. झेरॉक्स तर नाहीच. मी येऊन वाचू शकतो.

म्हणून एका शुक्रवारी मी इंग्रजी-मराठी शब्दकोश पिशवीत घालून खैरानला गेलो. शॅलेच्या ओट्यावर डॉक्टर आणि त्यांचे मित्र मासे भाजत होते. मी आत एका वेताच्या खुर्चीत, मांडीवर ते पुस्तक. हात तीनदा धुतले होते.

त्या पुस्तकानं मला किती छळलं, हे सांगणं अवघड आहे. ते वाईट नव्हतं. लिहिणाऱ्याचं आपल्या रिसाल्यावर प्रेम होतं. पण ते प्रेम कुठं कुठं पोचलं होतं ते बघा. साहेबांच्या घोड्यांची नावं होती, त्या घोड्यांच्या आयांची नावं होती. कोणत्या साली पोलोचा कप जिंकला आणि कोणत्या साली थोडक्यात हुकला, ते होतं. एका साहेबाच्या कुत्र्यावर अर्धं पान होतं. तो छावणीत पिसाळला नव्हता, म्हातारा होऊन मेला, आणि त्याला कुठं पुरलं तेही लिहिलं होतं. माणसं मात्र 'माणसं' होती. माणसांनी उन्हाची तक्रार केली नाही. माणसं आनंदात होती. नदीला पूर आला तेव्हा माणसांनी कमाल केली. शेवटी याद्या होत्या. इंग्रज अधिकारी, मग रिसालदार-जमादार, मग बक्षीस मिळालेले थोडे स्वार. मी बोट ठेवून प्रत्येक नाव वाचलं. पणजोबा नव्हते. आबांच्या आवाजात मी स्वतःलाच म्हटलं, नीट बघ. पुन्हा वाचलं. संध्याकाळी परतीच्या गाडीत माझं डोकं ठणकत होतं.

डॉक्टरांना मी सोमवारी विचारलं, की कुत्र्याचं नाव लिहिणाऱ्याला स्वाराचं का लिहिता आलं नाही. ते म्हणाले, त्याला ती नावं माहीत असणारच, रोज हाका मारत असेल. पण वाचणारे कोण, तर त्याचेच मित्र, आणि त्यांना तो कुत्रा आठवत होता. ते खरं बोलत होते. त्यांच्यावर चिडता येत नव्हतं, आणि ते मला आणखी खटकलं.

खोलीवर आल्यावर मी सुताराला आमची तलवार कागदावर काढून दाखवली. हा रुंद भाग, हा वाक, इथं मूठ असणार. त्यानं चष्मा लावून बघितलं, कागद आडवा केला, उभा केला, मग हवेत हात धरून बघितला.

"ही तरवार न्हय रे," तो म्हणाला. "हेका मूठ वरसून बसता. बसान जमीन खरवडूचा हत्यार ह्या. ह्याना माणूस मरूचो नाय. गवत मरात."

मी म्हणालो, वार करताना वाकली ती. तो म्हणाला, वार करून वाकलेलं लोखंड आणि लोहारानं वाकवलेलं लोखंड यातला फरक मला कळत नसेल तर मी उद्या विमानात बसतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो आपला भात शिजवत होता आणि माझ्या वाटणीचा झाकून ठेवत होता.

दुसऱ्यांदा खैरानला गेलो तेव्हा याद्या उघडल्याच नाहीत. रिसाल्याची व्यवस्था कशी चाले, त्यावर एक कंटाळवाणं प्रकरण होतं, ते काढलं. आबांनी सांगितलेलं अर्धं खरं निघालं. हा रिसाला शिलेदारीच होता. सरकार घोडा देत नसे, स्वारानं आपला आणायचा. पण त्याच्या पुढं आणखी एक ओळ होती, जी आमच्या घरी कधी कोणी सांगितली नव्हती. दर दोन स्वारांमागं एक तट्टू आणि एक गवत कापणारा माणूस असे. त्याला स्वार आपल्या पगारातून ठेवत. पहाटे तो तट्टू घेऊन रानात जाई, गवत मुळापासून खरवडी, दोराच्या जाळीत बांधून आणी. त्याची नोंद सरकारी हजेरीत नसे. खरवडायचं लोखंड तेवढं रिसाल्याच्या कोठारातून मिळे आणि ते अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर रिसाल्याची खूण ठोकलेली असे.

पान उलटलं. पलीकडे फोटो होता. एक तट्टू, त्याच्या पाठीवर गवताचा ढिगारा, शेजारी दोन उघडे, काटकुळे लोक उकिडवे बसलेले. एकाच्या हातात आमची तलवार.

तोच रुंदपणा, तोच वाक. कोपऱ्यात खुणेचं चित्र वेगळं छापलं होतं. फोटोखाली लिहिलं होतं, 'दोन गवतकापे'. नावं नव्हती. मी त्या दोन चेहऱ्यांकडे खूप वेळ बघत बसलो, पण ते दोघं खाली बघत होते.

खरं म्हणजे मला तेव्हा राग यायला नको होता. माणूस शोधायला निघालो होतो आणि माणूस सापडला होता. बसऱ्याच्या उन्हात रानोमाळ हिंडून त्यानं घोडे जगवले, पुढं गेला तर गोळी, मागं राहिला तर उपास. यात कमीपणा कसला? हे मी आज लिहू शकतो. त्या शुक्रवारी मात्र मला एवढंच दिसत होतं, की आबा फोनच्या दुकानात स्टुलावर बसलेत आणि मला त्यांना सांगायचंय की आपण शिलेदार नव्हतो, बारगीरही नव्हतो, आपण गवत कापत होतो.

पुढच्या शुक्रवारी फोन लावला. आबा एकटे नव्हते. मागं माणसांचा आवाज येत होता. त्यांनी सुभेदारांना बरोबर आणलं होतं.

"सापडलं का रं पुस्तकात?"

"सापडलं," मी म्हणालो.

"शिलेदार?"

माझ्या कामाची रीत अशी, की ज्या बाटलीवर नाव-नंबर नाही ती बाटली मी घेत नाही. कितीही ओळखीचा डॉक्टर असो, कितीही घाई असो, परत. अंदाजानं चिठ्ठी चिकटवायची नाही. त्या वेळेपर्यंतच्या नोकरीत मी एकदाही तसं केलं नव्हतं.

"हो, आबा," मी म्हणालो. "शिलेदारी रिसालाच होता तो."

दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाला पहिलं उभं होतं. पलीकडे आबांनी कोणाला तरी मोठ्यानं सांगितलेलं ऐकू आलं, की पोरगं बी.एस्सी. हाय, इंग्रजी पुस्तक वाचून सांगतंय.

मी ठरवलं होतं, की सुट्टीत जाऊन समोरासमोर सांगीन. तोवर दगड काही कोरून होत नाही. पण त्या मार्चमध्ये इराकची लढाई लागली. दवाखान्यानं सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. खिडक्यांना चिकटपट्ट्या, भोंगा वाजला की खाली धावायचं, आणि रस्त्यावरून उत्तरेकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांची रांग संपतच नव्हती. बसऱ्याकडे. आबांनी इतकी वर्षं जो रस्ता धरायला सांगितला होता तो शेवटी उघडला, तो असा. फोनवर ते प्रकृतीची चौकशी करायचे आणि मग न राहवून म्हणायचे, की कमिटीनं आपलं नाव घेतलं. मी भोंग्याचं कारण सांगून फोन ठेवायचो.

मे महिन्यात टपालानं फोटो आला. नवा काळा दगड, हार, सुभेदार, सरपंच, कोपऱ्यात धुतलेल्या टोपीतले आबा. अठरा नावं. आमच्या नावाआधी 'शिलेदार'. तसा शब्द दुसऱ्या कुणाच्याच नावाआधी नव्हता, बाकीचे नुसते शिपाई. तात्या फोटोत कुठेच नव्हते.

सुताराला मी सगळं सांगितलं. त्यानं फोटो बघितला आणि परत दिला. "बरा कोरलाहा," एवढंच म्हणाला.

दसऱ्याला गावी गेलो. खंडेनवमीच्या सकाळी आबांनी फडकं खाली काढलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं. पुस्तकातलं सगळं सांगितलं, फोटोचं सांगितलं, मी फोनवर काय केलं तेही सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.  पूजा तशीच ठेवून आबा रॉकेलची बाटली आणि काथ्याचा बोळा घेऊन आले आणि अंगणात बसले. मी घासायला हात पुढं केला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ऐंशी वर्षांचा शेंदूर एका तासात सुटत नाही. पण त्यांनी आयुष्यभर शाळेची घंटा घासली होती, त्यांना सवय होती. आधी कड दिसली, मग वाक, आणि मुठीच्या जागेजवळ ती खूण. मी खिशातून पुस्तकातल्या खुणेचं उतरवून आणलेलं चित्र काढलं. शेजारी धरायचीही गरज नव्हती.

आबांनी ते लोखंड उलटं धरलं, उकिडवे बसलेच होते, आणि अंगणाच्या मातीत एकदा सरळ ओढलं. पातळ थर सुटून आला. "चांगलं चालतंय," ते म्हणाले.

मग मी म्हणालो, की आता कमिटीला सांगायला पाहिजे.

"काय सांगू?" त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या पोरानं खोटं सांगितलं म्हनून सांगू? आज्ज्याचं काय, तो गेला. गवत कापलं तर कापलं. पर गावात तुझ्या शब्दावर त्यो दगड हाय. मास्तर अजून वर्गात तुझं नाव घेत्यात."

 इतके महिने मी समजत होतो की मी त्यांचा मान सांभाळतोय. आणि ते अंगणात बसून माझा सांभाळत होते. मी म्हणालो, निदान तात्यांच्या आजोबांचं तरी. तेही गेलेच होते, आणि मेले तिकडे. आबा म्हणाले, की मी कमिटीकडे तात्यांसाठी दोनदा बोललो. आपलं काढा, असं नाही म्हणालो, पण त्यांचं घाला म्हणालो. सुभेदार पुरावा मागतात. मला इतका संताप आला, की मी स्वतःच जातो म्हणून उठलो. आईनं नुसतं नावानं हाक मारली. मी बसलो. मी गेलो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि रजेचे उरलेले नऊ दिवस मी गेलो नाही, हे मात्र खरं आहे. तात्या एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "तुज्या पुस्तकात आमच्या आज्ज्याचं बघ की, बाबा. घोड्याच्या मागं हुता." मी बघतो म्हणालो.

कुवेतला परतल्यावर काही दिवसांनी आबांनी फोनवर त्या पानाचा फोटो मागितला. तट्टू असलेल्या. मला वाटलं, ते स्वतः जाऊन खरं सांगणार. मी डॉक्टरांना गळ घातली. ते स्वतः कॅमेरा घेऊन बसले, पान, खूण, प्रस्तावना, सगळ्याचे फोटो काढून दिले, पैसे घेतले नाहीत. मी खाली प्रत्येक ओळीचं मराठी करून पाठवलं. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काही लिहिलं नव्हतं.

दीड महिना आबा त्या विषयावर बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी म्हणाले, की एकोणिसावं नाव बसलं. तात्यांच्या आजोबांचं.

"पुरावा काय दिला?"

"लोखंड."

"कुठलं लोखंड?"

"किती लोखंडं हायत आपल्याकडं?" ते म्हणाले. "तात्याला दिलं. तुजा फोटू दिला. सुभेदारानं भिंग लावून खूण बघितली. म्हनला, आता नाकारता येत न्हाई, मानूस तिकडं मेलाय बी."

म्हणजे आमच्या पणजोबांच्या हातातलं हत्यार तात्यांच्या आजोबांचं ठरलं. ज्यांच्यामागून काहीच आलं नव्हतं, त्यांच्यामागून ते आलं. कोणी आणलं, असं सुभेदारांनी विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं, की माझ्या आज्ज्यानं, मित्राचं म्हणून. असेलही, कोण सांगू शकणार. त्या फोटोत दोघं होते.

जुन्या दगडाचा एकोणीस आकडा आता नव्या दगडाशी जुळतो. हिशेब बरोबर येतो, आणि मला अजून त्याचीच चीड येते. आमच्या नावाआधीचा शब्द खोटा आहे आणि त्यांच्या नावामागचा पुरावा आमचा आहे. एक खोटी चिठ्ठी मी चिकटवली आणि दुसरी आबांनी, आणि माझ्या कामात ज्याला मी कधी पास केलं नसतं, ते गावात दगडावर आहे. एवढं करूनही, ते दोघं मिळून रोज पहाटे रानात जात असत आणि घोड्यांना गवत आणत असत, ही एकच गोष्ट कुठं कोरलेली नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो आहे. आबा आता नाहीत, तात्याही नाहीत, आणि मास्तरांनी वाचलं तर वाचोत.

एकोणिसावं नाव बसल्यानंतरच्या दसऱ्याला मला रजा नव्हती. फोनवर मी विचारलं, की खंडेनवमीला पूजेला काय ठेवलं. तात्यांकडे ते लोखंड गेल्यापासून आमच्या माळ्यावर नुसतं फडकं राहिलं असणार, असं मला वाटत होतं.

आबा म्हणाले, निवृत्त होताना हेडमास्तरांनी त्यांना शाळेच्या घंटेची जुनी हातोडी दिली होती, ती ठेवली.

मी विचारलं, शेंदूर लावला का.

"न्हाय," ते म्हणाले. "हळदकुंकू वाहिलं नुसतं. पुन्हा कुनी तरवार म्हनायला नको."